चतुर, टाचण्या आणि बाबा

ब्याऐंशी साली मुंबईतल्या गिरण्या बंद पडल्या आणि बाबा घरी आले. तोवर बाबा म्हणजे गणपतीला आणि शिमग्याला येणारा माणूस. खांद्यावर ट्रंक, हातात मिठाईचा पुडा, अंगाला मुंबईच्या साबणाचा वास. सणाच्या दिवसांत घर पाव्हण्यांनी भरलेलं असायचं, आरत्या आणि भजनं चालायची, आणि त्या गडबडीत बाबा माझ्याशी किती बोलले, बोलले की नाही, हे माझ्या कधी लक्षातच आलं नव्हतं.

आता ते रोज घरात होते. आमचं गाव चिपळूण तालुक्यातलं, अलोऱ्याच्या पुढे, सह्याद्रीच्या पायथ्याला. कोयना प्रकल्पाच्या कॉलनीमुळे त्या रस्त्याला एस्ट्या बऱ्या होत्या, म्हणून मला चिपळूणच्या कॉलेजात जाता येई. प्राणिशास्त्राचं शेवटचं वर्ष होतं माझं. आई वाडीत सांगायची, "आमची बाय जनावरांचं शिकते." लोकांना वाटायचं, गुरांची डॉक्टर होणार.

बाबांना ऐकू कमी येतं, हे आम्हाला त्या पावसाळ्यात कळलं. ते साचेखात्यात होते. मुंबईत मागाला साचा म्हणत. शेकडो साचे एका छपराखाली खडखडत असताना त्यांचं सगळं तरुणपण गेलेलं. आई चुलीपासून हाक मारायची आणि ते पडवीत पाठ करून बसलेले असायचे, वळायचे नाहीत. आईला वाटायचं, मुद्दाम करतात. लावणीला ते चिखलात उतरले खरे, पण आमच्या बायकांची लावणीची एक लय असते, गाणं म्हणत मागे मागे सरकायची. ती त्यांना ऐकूच येत नव्हती. ते एकटेच भलतीकडे सरकत जायचे आणि बायका पदराआड हसायच्या. मग ते शेतात जायचे थांबले. पडवीत खांबाला टेकून पागोळ्यांकडे बघत बसायचे. मला त्यांच्याशी काय बोलावं ते कळायचं नाही. आणि मी बोलले तरी त्यांनी ऐकलं की नाही, तेही समजायचं नाही.

श्रावणात आमच्या बाईंनी वर्गात प्रत्येकाला कीटकांचा एकेक गट वाटून दिला. आपापल्या गावचे नमुने गोळा करायचे, ओळखायचे, त्यांचं वर्गीकरण करायचं. फुलपाखरं सगळ्यांनाच हवी होती. माझ्या वाट्याला चतुर आले आणि माझा चेहरा पडला. बाईंना तो दिसला असावा.

"नाराज होऊ नकोस," त्या म्हणाल्या. "फुलपाखरांच्या फार फार आधीचे आहेत हे. पृथ्वीवर फूल नावाची गोष्ट नव्हती ना, तेव्हा यांचे पूर्वज उडत होते. दीड हात रुंद पंख असायचे काहींचे. तुझा सह्याद्रीसुद्धा तेव्हा झालेला नव्हता."

एसटीत खिडकीशी बसून घरी येताना मी समोरचा डोंगर पुसून टाकून बघितला. मग झाडांवरची फुलं पुसली, पाखरं पुसली. नुसती दलदल, उंच उंच नेचे, धुकं, आणि त्या धुक्यातून काही न बोलता सरकत जाणारे दीड हात रुंद पारदर्शक पंख. अलोऱ्याचा फाटा कधी गेला मला कळलं नाही. कंडक्टरने घंटी मारली तेव्हा जागी झाले.

पण चतुर शोधायला सड्यावर जायचं तर एकटीला कोण सोडणार? आईने भात वेळताना मान न वळवता सांगितलं, "यांना घेऊन जा. बसलेच आहेत."

असे आम्ही दोघं पहिल्यांदा निघालो. सडा म्हणजे गावाच्या वरचं जांभ्या दगडाचं मोठं पठार. उन्हाळ्यात ते तव्यासारखं तापतं, कोणी फिरकत नाही. पण श्रावण-भाद्रपदात त्यावर पाण्याची लहान लहान डबकी साचतात, बोटभर गवत उगवतं आणि सीतेच्या आसवांची जांभळी फुलं अशी दाटतात की पाय कुठे ठेवावा असा प्रश्न पडतो. त्या दिवशी पावसाने उघडीप दिली होती. ढग खाली उतरून सड्यावरून चालत होते. मधूनच ऊन पडे, डबकी उजळत, आणि परत सगळं पांढरं होई.

"काय पकडायचंय?" बाबांनी विचारलं. ते फार मोठ्याने बोलायचे. त्या मोकळ्यावर त्यांचा आवाज दूरवर गेला.

मी त्यांच्या समोर जाऊन उभी राहिले. ओठ दिसले की त्यांना समजतं, एवढं मला कळायला लागलं होतं. "चतुर. आणि टाचण्या."

"ती विमानं होय! आमी पोरं त्यास्नी दोरा बांधायचो." मग थोडा विचार करून म्हणाले, "दोन्ही येकच ना?"

"एकाच कुळातले. पण घरं वेगळी." मी डबक्याकाठी बसले आणि त्यांना खाली बसवलं. गवताच्या पात्यावर पिवळ्या शेपटीची एक टाचणी बसली होती, काडीसारखी बारीक. "हिचे पंख बघा. बसताना पाठीवर मिटून घेते. चतुर मिटत नाही, पसरून बसतो. हिचे चारी पंख सारखे असतात. चतुराचे मागचे पंख बुडाशी रुंद. आणि डोळे बघा. हिचे दोन बाजूंना लांब लांब आहेत, डमरूच्या टोकांसारखे. चतुराचे डोळे मोठे, डोक्यावर एकमेकांना टेकलेले."

बाबा बघत राहिले. बराच वेळ. पाणी हललं की टाचणीची सावली आधी हलायची आणि मग ती. ढग आला आणि आम्हाला दोघांनाही एकमेकांचे चेहरे दिसेनात, पण पात्यावरची ती पिवळी रेघ मात्र दिसत होती.

"ह्या आवाज करत नाय," बाबा म्हणाले. या वेळी हळू बोलले. ढग पुढे सरकेपर्यंत मी थांबले.

"नाही. त्यांना आवाज नसतो. आपापसात बोलतात ते रंगाने, पंखाने. आणि ऐकूही येत नाही फारसं. सगळं काम डोळ्यांचं."

बाबा माझ्या ओठांकडे बघत होते. ते हसले. मुंबईहून आल्यापासून मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी जुनी मच्छरदाणी फाडून, बांबूची कामटी वाकवून जाळं शिवलं. टाके इतके बारीक की आईने उलटसुलट करून बघितलं आणि परत दिलं. मग आमचं रोजचंच झालं. कॉलेज नसेल त्या दिवशी सकाळी सडा, नाहीतर घराखालचा पऱ्या. पऱ्या म्हणजे आमच्याकडचा ओढा. डोंगरातून दगडांवरून उड्या मारत येतो आणि मधे मधे कोंडी, म्हणजे खोल, हिरवट डोह करतो. शेताच्या बांधावर काळ्या-पांढऱ्या पंखांचा चतुर मिळाला. तळ्याकाठी एक असा मिळाला की बाबा म्हणाले, "ह्ये फुलपाखरू." पंख पिवळे, त्यावर गडद ठिपके, उडणंही तसंच तरंगत तरंगत. मी त्यांना पंख पाठीवर मिटत नाहीत ते दाखवलं. "सोंग घेतलंय," ते म्हणाले.

बाईंनी नमुने मारायला औषधाची बाटली दिली होती. पहिला लालभडक चतुर मी त्यात टाकला, पेटीत टोचून ठेवला. दुसऱ्या दिवशी तो तपकिरी झाला होता. बाबांनी पेटी उजेडात धरली.

"रंग उतरला."

"मेल्यावर उतरतो त्यांचा."

"मग ह्यो तो नव्हेच," बाबा म्हणाले. "काल बघितला तो येगळा."

त्यानंतर आम्ही एका जातीचा एकच ठेवायचा आणि बाकीचे नुसते बघायचे असं ठरवलं. बाबा दोन बोटांत चारी पंख अलगद धरायचे, मी भिंगातून बघून रंगाच्या पेन्सिलीने चित्र काढायची, मग ते बोटं सोडायचे. चतुर लगेच उडत नसे. क्षणभर त्यांच्या बोटावरच बसून राही. बाबा हात हलवत नसत. पऱ्याचं पाणी दगडांवरून वाहत असे, त्याचा आवाज मला येई आणि त्यांना येत नसे, आणि तरी मला वाटे की आम्ही दोघं एकाच ठिकाणी बसलो आहोत.

तेव्हा आम्हाला शिकवत, की या कुळाच्या तीन शाखा. चतुर, टाचण्या आणि तिसरी एक. ती तिसरी जवळजवळ सगळी नामशेष झालेली. दगडातच तिचे ठसे सापडायचे. फक्त हिमालयात आणि जपानात, थंड पाण्याच्या ओढ्यांत, तिचे थोडेसे जीव उरलेले. अंग चतुराचं आणि पंख टाचणीचे. एका संध्याकाळी पडवीत मी हे बाबांना सांगितलं. त्यांनी दोनदा सांगायला लावलं.

"म्हंजे ह्यो चतुराचा, की टाचणीचा?"

"दोघांच्या मधला म्हणतात."

"आनि त्याचे सगळे सोबती गेले?"

"गेले. कोट्यवधी वर्षांपूर्वी."

बाबा अंधारात जाणाऱ्या पऱ्याच्या दिशेने बघत राहिले. "थंड पानी तर आपल्याकडं पन हाय," ते म्हणाले.

भाद्रपद सरत आला होता. एका सकाळी दव पडलं होतं, ऊन नुकतं झाडांच्या शेंड्यांवर आलेलं. बाबा माझ्या आधी पऱ्यावर गेले होते. मी खाली उतरले तेव्हा ते गुडघाभर पाण्यात उभे होते आणि मला हाताने 'हळू' असं खुणावत होते. कोंडीतल्या एका ओल्या दगडावर एक चपटा, मातकट किडा चढून बसला होता. मी तो लगेच ओळखला. चतुराचं पिल्लू. ते पाण्यातच वाढतं, महिनोन्‌महिने, तळाशी गाळात दबून शिकार करतं, आणि एक दिवस वर येतं. पुस्तकात वाचलं होतं. पाहिलं नव्हतं.

त्याची पाठ उकलली. आतून काहीतरी फिकट, मऊ, ओलं फुगत बाहेर आलं. आधी पाठ, मग डोकं, मग पाय. मग ते थांबलं. इतकं थांबलं की मला वाटलं, मेलं. बाबांनी मान हलवून 'नाही' म्हटलं. मग एका झटक्यात शेपूट बाहेर आली आणि कातडं रिकामं झालं. पाठीवर पंखांच्या जागी चुरगळलेल्या चिंध्या होत्या. त्या आमच्या डोळ्यांदेखत उलगडत गेल्या. कोणी ओढत नव्हतं, कोणी झटकत नव्हतं. धुतलेलं मलमल आपोआप सरळ व्हावं तशा. बाबांच्या पायांना पाणी लागून ते पांढरे पडले होते, पण ते हलले नाहीत. ऊन दगडावर पोचलं तेव्हा ते पंख पाण्यासारखे चमकायला लागले आणि अंगावर काळे-पिवळे पट्टे उमटले.

मी वाकून डोळे बघितले. डोळे टेकलेले नव्हते. दोन बाजूंना, लांब लांब होते.

"बाबा," मी त्यांच्या समोर येऊन म्हटलं, "अंग चतुराचं आहे, आणि डोळे टाचणीचे."

आम्ही एकमेकांकडे बघत राहिलो. दोघांच्या मनात एकच आलं होतं. मागचे पंख बुडाशी रुंद होते, हे मला दिसत होतं. ते दिसूनही मला नको होतं. त्या सकाळी मला वाटत होतं की हिमालयातून कोणीतरी निघून, सगळ्या नद्या ओलांडून, आमच्या पऱ्याच्या कोंडीत येऊन राहिलं आहे आणि इतकी वर्षं कोणाला पत्ता नाही.

दुपारी तसलाच एक प्रौढ चतुर दगडावर बसलेला मिळाला. तो आम्ही जाळीच्या पेटीत ठेवला आणि दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीने बाबा माझ्याबरोबर चिपळूणला आले. धुतलेला सदरा घातला होता. पेटी मांडीवर, वर ओला रुमाल. आईने विचारलं, "दोघं कुठे?" तर बाबा म्हणाले, "कामाला." आई त्यांच्याकडे बघतच राहिली.

बाईंनी पेटीत डोकावून पाहिलं आणि त्यांचा चेहरा उजळला. "अरे वा! कुठे मिळाला?"

"हा तिसरा आहे का, बाई?" मी विचारलं.

त्या हसल्या नाहीत, याचं मला आजही बरं वाटतं. त्यांनी चतुर हळूच हातात घेतला आणि माझ्याच भिंगातून मला दाखवला. "मागचा पंख बघ. रुंद आहे ना? मग पक्का चतुर. फक्त चतुरांमधलंच एक घराणं असं आहे, ज्यांचे डोळे टेकत नाहीत. वाहत्या पाण्यातले असतात. एका खुणेवरून नातं ठरवू नये गं. सगळं अंग बघावं लागतं."

मी वळून बाबांना हे सगळं सावकाश सांगितलं. बाबांनी ऐकून घेतलं.

"म्हंजे चतुरच," ते म्हणाले. "डोळं लांब असलं तरी घरातलाच."

"अगदी बरोबर," बाई म्हणाल्या. मग त्यांनी विचारलं, "बाबा, पंख बघायचाय का?"

कॉलेजच्या पेटीतल्या जुन्या नमुन्यांतला एक पंख त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. बाबांनी टोपी काढली, वाकले, आणि किती तरी वेळ वर बघितलंच नाही. बाहेर व्हरांड्यात मुलं जात होती, घंटा झाली, पण त्यांना त्यातलं काही ऐकू येत नव्हतं.

"उभे ताणे दिसतात," ते शेवटी म्हणाले. "पन आडवं सूत सरळ नाय. येकेक घर येगळं. ह्ये कोन्या साच्यावर नाय व्हायचं."

बाईंनी सांगितलं की ते सूत नाही, नळ्या आहेत. चतुर बाहेर येतो तेव्हा त्या नळ्यांत अंगातलं रक्त भरलं जातं आणि पंख ताठ होतात. बाबांनी माझ्याकडे बघितलं, मी परत सांगितलं. काल सकाळी दगडावर जे झालं ते काय होतं, हे त्यांना आता समजलं. त्यांनी एकदम बाईंना हात जोडले. बाई गोंधळल्या आणि त्यांनीही जोडले.

पुढे कित्येक वर्षांनी मी वाचलं, की ती तिसरी शाखाही आता वेगळी मानत नाहीत. चतुरांच्याच जवळ नेऊन ठेवलंय तिला. पण तेव्हा कोणाला ठाऊक होतं!

नवरात्रात सड्यावर पिवळसर चतुरांचे थवेच्या थवे आले. शेकडो, कदाचित हजारो. आम्ही मधोमध उभे राहिलो तरी एकही अंगाला लागेना. बसायचं नाव नाही, नुसते पंख ताणून वाऱ्यावर तरंगत राहायचे. खाली गवत सुकायला लागलेलं, डबकी आटत आलेली, आणि कमरेपासून डोक्यापर्यंत सगळी हवा चकाकणारी. बाबा डोळे मिटून उभे राहिले. काही दिवसांनी वर गेलो तर सडा रिकामा होता. ते कुठे गेले, मला सांगता आलं नाही. समुद्र ओलांडून आफ्रिकेपर्यंत जातात, असं आता म्हणतात.

दिवाळीच्या आधी बाबांच्या मुंबईच्या खोलीतल्या गाववाल्याने निरोप पाठवला. गिरणीचं काही खरं नाही, भिवंडीला मागावर माणूस हवाय, याल तर या. बाबांनी दोन दिवस विचार केला. मग त्यांनी ट्रंक झाडली.

निघायच्या सकाळी आम्ही तिघं रस्त्यावर थांबलो. एसटीची वाट बघणारी वाडीतली बरीच माणसं होती. आई कधी चारचौघांत बाबांशी बोलायची नाही. काही सांगायचं असलं तर माझ्याकडे बघून बोलायची. मधल्या महिन्यांत तिने आम्हाला बघितलं होतं, मी त्यांच्या समोर कशी उभी राहते ते. गाडी वळणावर दिसली आणि आई एकदम पुढे झाली. बाबांच्या अगदी समोर, पदर खोचून, तोंड वर करून उभी राहिली.

"भिवंडीत कानाला कापूस घाला," ती सगळ्यांदेखत, एकेक शब्द तोडून म्हणाली. "आणि शिमग्याला या. नाही आलात तर मी येईन तिकडे."

वाडीतली माणसं बघत होती. बाबा लाजले. "येतो," म्हणाले, आणि त्यांच्या नेहमीच्या मोठ्या आवाजात म्हणाले, त्यामुळे सगळ्यांनाच ऐकू गेलं.

ते शिमग्याला आले. माझी परीक्षा झाली, मी पास झाले, गुहागरच्या बाजूला शाळेत शिकवायला लागले. बाबांनी काही वर्षं भिवंडीत काढली आणि मग कायमचे घरी आले. कान तोवर पुरते गेले होते. सुट्टीत मी जायची तेव्हा संध्याकाळी पडवीत आई त्यांच्या समोर पाट टाकून बसलेली असायची आणि दिवसभराचं सगळं त्यांना सांगत असायची. शेजारणीचं, काजूच्या मोहराचं, गाभण म्हशीचं. इतक्या मोठ्याने, की आमच्या घरातलं काहीच वाडीपासून लपून राहत नसे.